नकाशेसाहेबांची उताराची यात्रा

नकाशेसाहेबांनी नवस मनातल्या मनात बोलायला हवा होता. मनातल्या नवसाचं एक बरं असतं, पुढेमागे मुदत वाढवून घेता येते, थोडी घासाघीसही चालते. पण साहेब तो बोलले दवाखान्याच्या व्हरांड्यात, चांगल्या खणखणीत आवाजात, आणि शेजारच्या बाकावर फादर बसले होते.

आत ऑपरेशनच्या टेबलावर त्यांची पत्नी होती. खिडकीवरची जळमटं काढताना स्टुलावरून पडून तिचा खुबा मोडला होता. सगळी गल्ली तिला टीचर म्हणे, कारण गल्लीतल्या बहुतेकांनी चौथीत असताना तिच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. टीचर पुन्हा चालतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि साहेबांच्या पायांखालची जमीन सरकली. अशा वेळी माणूस देवाला काहीतरी देऊ करतो. साहेबांनी स्वतःची झडती घेतली, तर देण्याजोगं काही सापडेना. सिगारेट ओढत नव्हते, की ती सोडावी. पिणं एखाद्या लग्नात, तेही अर्ध्या ग्लासावर आटोपायचं. ज्याला सोडायला एकही व्यसन नाही असा माणूस अशा प्रसंगी फार उघडा पडतो. तेवढ्यात त्यांची नजर आपल्याच पायाकडे गेली. घाईघाईत सायकलवरून आल्यामुळे पँटला लावलेली क्लिप तशीच राहिली होती. साहेब म्हणाले, "माते, ही चालू लागू दे. मी तुझ्या तीर्थाला सायकलवर येईन."

मातेचं तीर्थ म्हणजे दूर नदीकाठी असलेलं देवालय. शहरातून तिथे रात्रीची बस जाते. संध्याकाळी बसायचं, रात्रभर शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलक्या काढायच्या आणि पहाटे अवघडलेली मान घेऊन मातेच्या दारात उतरायचं, ही सगळ्यांची यात्रा. सायकलवर तिथे कोणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

"किती सुंदर," फादर म्हणाले. फादर वयाने तरुण होते आणि उत्साहाने त्याहून तरुण होते. येत्या रविवारच्या प्रवचनाला त्यांना विषय मिळत नव्हता. तो मिळाला. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आलेल्या प्रत्येकाला नकाशेसाहेबांचा नवस कळला आणि जे आले नव्हते त्यांना दुपारपर्यंत कळला.

टीचर चालू लागल्या. आधी वॉकर धरून, मग काठी घेऊन, मग काठी विसरून. मातेने आपली बाजू अशी चोख पार पाडली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी लगेच टीचरचं चालणं बंद केलं.

म्हणजे अगदी बंद नाही. पण पुन्हा पडली तर काय, हा एकच धसका त्यांच्या मनात घर करून बसला होता. त्यांनी घरातल्या सगळ्या भिंतींना कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकून घेतले. बैठकीच्या खोलीत आलेल्या पाहुण्याला आपण बसमध्ये उभे आहोत असं वाटायचं. पाइप संपेल तिथे खुर्ची ठेवलेली. टीचर स्वयंपाकघरातून निघाल्या की साहेब मागून हात पसरून चालत, झाडावरून फळ पडायची वाट बघत असल्यासारखे. जिना तर टीचरना पूर्णच वर्ज्य होता.

"अहो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," टीचर म्हणायच्या.

"चाल की. इथून तिथवर चाल," साहेब म्हणायचे आणि पाइपाकडे बोट दाखवायचे.

आता साहेबांच्या नोकरीविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच उभं राहिलं. साहेब जलविभागात आरेखक होते. मोठमोठ्या पाइपांचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली, म्हणून तर ते नकाशेसाहेब. त्यांच्या विभागाचं तत्त्व सरळ होतं. पाणी आपल्या पायांनी जाईल तिथेच पाइप टाकायचा. नकाशात पाणी जिकडे जाणार तिकडे बाण काढायचा आणि बाणाच्या दिशेने उतार लिहायचा. चढ हा शब्द त्यांच्या नकाशात नव्हताच. पाणी वर चढवायचं झालं तर तो पंप विभागाचा विषय, आणि पंप विभागाशी त्यांच्या विभागाचं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते कोणाला आठवत नसे, पण ही प्रथा सर्वांनी निष्ठेने पाळली होती.

तर यात्रेचा मार्ग आखायचा म्हणून साहेब आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि आनंदाने त्यांना उभं राहवेना. शहराला पाणी आणणारा मोठा पाइप नेमका तीर्थाच्या रस्त्याच्या कडेकडेने टाकलेला होता. म्हणजे त्या सगळ्या रस्त्याची मोजमापं तयार होती, आणि तीही त्यांनीच तरुणपणी काढलेली. साहेबांनी ती एका लांबलचक कागदावर उतरवून घेतली. डावीकडे आपलं चर्च, उजवीकडे मातेचं देवालय, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात: उतार. सौम्य उतार. उतार. बराच उतार.

तो कागद त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावला.

"सगळा उतारच?" समोरच्या घरातल्या डेंटिस्टने विचारलं.

"अखंड," साहेब म्हणाले. असं विनयाने म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

टीचरही आल्या होत्या, अर्थात साहेबांच्या पसरलेल्या हातांच्या पहाऱ्यात. त्यांनी कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग साहेबांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

इथपर्यंत ही एका माणसाची यात्रा होती. अखंड उताराची बातमी पसरली आणि तिचा मोर्चा झाला. ज्यांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता असे लोक नाव नोंदवू लागले. पुण्य मिळणार, तेही पेडल न मारता, म्हटल्यावर कोण मागे राहील? बेकरीवाले आले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आल्या, आणि ज्यांना वजनामुळे डॉक्टरांनी पायऱ्याही मना केल्या होत्या ते बँकेतले कॅशियर सर्वांत आधी आले. फादरनी स्वतःसाठी एक सायकल मागून आणली आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारात गोल गोल फिरून दाखवली.

सल्ल्यांना तर ऊत आला. टीचरचे भाऊ, म्हणजे साहेबांचे मेव्हणे, विम्याचं काम करत. जगात काय काय मोडू शकतं हे त्यांना तोंडपाठ होतं.

"भाऊजी, चढावर माणूस फार तर दमतो," ते म्हणाले. "उतारावर मरतो. ब्रेक बदलून घ्या सगळ्यांचे."

हे सर्वांना पटलं. पुढचे कित्येक दिवस यात्रेची तयारी म्हणजे ब्रेकची तयारी होती. सायकलच्या दुकानातले ब्रेकचे रबर संपले. दुकानदाराने बाहेरून मागवले, तेही संपले. ब्रेक दाबून बोटं आखडतील म्हणून हातमोजे आले. डेंटिस्टने हॉलमध्ये 'वेगात पडल्यास दात कसे वाचवावेत' या विषयावर भाषण दिलं, आणि ते ऐकून ऑर्गनवाल्या बाईंनी दोन दिवस नाव मागे घेतलं होतं. पेडल मारण्याचा सराव मात्र कोणीच केला नाही. त्याची गरजच नव्हती.

डेंटिस्टने साहेबांना आणखी एका गोष्टीत घातलं. ती म्हणजे सायकलवाल्यांची तंग अर्धी चड्डी, आतून गादी शिवलेली. साहेबांनी आयुष्यात कचेरीत बाह्या दुमडल्या नव्हत्या. त्यांनी ती चड्डी घरात घालून पाहिली, आरशासमोर पाठमोरे झाले. शेवटी तिच्यावर आपली नेहमीची पँट घालायचं ठरलं. त्यामुळे त्यांचा मागचा भाग इतका भरदार दिसू लागला की बेकरीवाल्यांनी तब्येत सुधारल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं.

मग कोणीतरी म्हणालं, इतके लोक रस्त्याने जाणार तर परवानगी नको का? हे म्हणणारा कोण होता ते पुढे कधीच निष्पन्न झालं नाही. साहेब नगरपालिकेत गेले.

"मिरवणूक की शर्यत?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"तीर्थयात्रा. सायकलवरून."

"तसा रकाना नाही. मिरवणूक म्हणा, पण मग चालायच्या वेगाने जावं लागेल."

"आमचा सगळा उतार आहे हो. वेग आपोआप येणार."

"मग शर्यत. पहिला कोण येणार?"

"कोणीच नाही. आम्ही सगळे बरोबर जाणार."

"मग ती शर्यत कशी?" कारकून दुखावल्यासारखा म्हणाला. साहेबांना त्याचं म्हणणं मनापासून पटलं. सरकारी माणसाची अडचण त्यांना नेहमीच लगेच समजायची, आणि त्यामुळेच त्यांचं कोणतंही काम एका खेपेत होत नसे. ते परत गेले, पुन्हा आले, वरच्या साहेबांना भेटले, वरच्या साहेबांनी त्यांना खालच्या कारकुनाकडे पाठवलं. शेवटी त्यांची यात्रा 'संथगतीने जाणारा अवजड माल' या सदरात बसली. अट एकच. शेवटच्या सायकलला लाल फडकं बांधायचं आणि ती सायकल शेवटपर्यंत शेवटीच ठेवायची. लाल फडकं डेंटिस्टच्या वाट्याला आलं. त्यांची सायकल सर्वांत महागडी होती आणि ते सर्वांत पुढे राहायचं स्वप्न पाहत होते.

साहेब असे कचेऱ्या झिजवत होते तेव्हा टीचर काय करत होत्या? त्या जिना उतरत होत्या. साहेबांची सायकल कोपऱ्यावर वळली की टीचर चपला घालायच्या, खाली यायच्या आणि चालायला लागायच्या. आधी चर्चपर्यंत, मग बागेपर्यंत, मग थेट पुलापर्यंत. डावा पाय थोडा ओढायचा, पण ओढत का होईना यायचा. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. गल्लीने साहेबांना ताकास तूर लागू दिली नाही, छडीचा धाक अजून शिल्लक होता म्हणा किंवा प्रेम म्हणा. परवानगीचं घोंगडं भिजत पडावं असं मनापासून वाटणारी ती एकटीच बाई असेल.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मीही येते यात्रेला."

"वेड लागलंय का? तो खुबा..."

"नवस माझ्या पायांचा आहे. पाय घरी ठेवून तुम्ही कुठे निघालात?"

यावर साहेब रागावले. दोन दिवस अबोला झाला. शेवटी मेव्हण्यांनी तोडगा काढला. सामानाची व्हॅन मागून येणारच आहे, ती मी चालवतो, ताई माझ्याशेजारी बसेल. साहेबांनी सीटवर एक उशी ठेवली, पाठीला एक, दोन्ही बाजूंना एकेक, आणि पायांखाली एक लोड. टीचर त्यात चिनी मातीच्या बरणीसारख्या बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. साहेबांना तेच खटकायला हवं होतं.

निघायच्या सकाळी फादरनी सायकलींवर पवित्र पाणी शिंपडलं, सर्वांनी आपापले ब्रेक एकदा दाबून पाहिले, आणि नकाशेसाहेब सर्वांच्या पुढे, छाती काढून, अवजड माल घेऊन निघाले.

पूल ओलांडला आणि रस्ता थोडा वर गेला.

"हा तात्पुरता उंचवटा आहे," साहेबांनी मागे वळून सांगितलं.

वळण घेतलं. रस्ता आणखी वर गेला. फादर मोठ्याने मातेची स्तोत्रं म्हणत होते. त्यांच्या ओळी तोकड्या होत गेल्या, मग शब्द गेले आणि नुसता श्वास राहिला. कॅशियर उतरले. ऑर्गनवाल्या बाई त्यांच्याही आधी उतरल्या होत्या. पुढच्या वळणावर सगळेच उतरले. साहेब तेवढे हट्टाने पेडल मारत राहिले, आणि सायकल जागच्या जागी डुलू लागली तेव्हा तिने त्यांना खाली ठेवलं.

"साहेब," डेंटिस्ट मागून म्हणाले, "उतार कुठून सुरू होतो?"

साहेबांनी कागद काढला. शेजारी, रस्त्याच्या कडेने, त्यांचा तो मोठा पाइप वर वर चढत गेला होता. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, कागद तसाच हातात धरून ते पाइपाजवळ गेले आणि त्यांनी त्याला कान लावला. आतून पाणी खळखळत चाललं होतं. वरून खाली. देवालयाकडून शहराकडे.

साहेब कान लावून तसेच उभे राहिले. सगळे उतार बरोबर होते. एकही आकडा चुकला नव्हता. फक्त मूळ नकाशातले, उतरवून घेताना गाळलेले सगळे बाण घराकडे तोंड करून होते, कारण पाणी घराकडेच येतं, आणि आरेखक म्हणून त्यांनी आयुष्यात पाण्याखेरीज कोणाला कुठे पाठवलंच नव्हतं.

"म्हणजे भाऊजी," मेव्हणे व्हॅनच्या खिडकीतून म्हणाले, "हा सगळा चढ आहे? थेट मातेपर्यंत?"

"अखंड," कोणीतरी मागून म्हणालं.

कोणी रागावलं नाही, आणि साहेबांना तेच जिव्हारी लागलं. रागावले असते तर त्यांना बाजू मांडता आली असती. बेकरीवाले म्हणाले, भट्टी एकटी आहे. ऑर्गनवाल्या बाईंना घरचा नळ उघडा राहिल्याचं आठवलं. कॅशियरने तर कारणही दिलं नाही, त्यांच्या अंगात त्यासाठी दम नव्हता. एकेकाने सायकल वळवली, आणि मग त्यांना मिळाला तो नकाशेसाहेबांनी कबूल केलेला अखंड उतार. नवे ब्रेक दाबत, हातमोजे घालून, वारा खात ते सगळे आनंदाने घरी गेले. त्या दिवशी साहेबांच्या नकाशाला नावं ठेवायला त्यांना जागाच नव्हती.

मागे राहिले फादर, कारण फादरना परत जाणं शोभलं नसतं, आणि डेंटिस्ट, कारण लाल फडकं शेवटपर्यंत न्यायचं लेखी कबूल केलं होतं. दोघे रस्त्याकडेच्या दगडावर बसले. साहेब बसले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला होता. लोकांपुढे हसं झालं ते एक वेळ चाललं असतं. पण मातेला दिलेला शब्द होता, आणि आता हा चढ काही आपल्या छातीला पेलणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

तेवढ्यात व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला. आधी लोड बाहेर आला, मग टीचर.

"अगं, उतरलीस कशाला? बस आत," साहेब धावले.

"नाही बसत."

"चढ आहे हा."

"माहीत आहे. नदी तिकडून इकडे येते हे चौथीच्या मुलांना वर्षानुवर्षं कोण शिकवत होतं?"

साहेब बघतच राहिले. "म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये... तुला कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही बेत बदलला असता. सपाट रस्ता शोधून सायकलवर सुसाट गेला असता आणि मी मागून उशांत." टीचरनी गुडघ्यावरची साडीची घडी झटकली. "चढावर सगळ्यांनाच चालावं लागतं. मी रोज पुलापर्यंत चालते. तुम्ही नगरपालिकेत असता तेव्हा."

"रोज? एकटी? जिना उतरून?"

"मग काय पाइपावरून घसरत? मला एक सांगा. दवाखान्यात मातेकडे तुम्ही काय मागितलं होतं?"

"तू चालावीस," साहेब म्हणाले.

"तिने दिलं. आणि तिने दिलेलं तुम्ही उशा लावून गाडीत ठेवलंय."

इतके महिने त्यांनी टीचरला चालताना पाहिलंच नव्हतं, ती कधी पडते एवढंच पाहिलं होतं. आपण मागणं मागितलं आणि मिळाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवली, हे त्यांना भर रस्त्यात, गादीची चड्डी घालून उभं असताना समजलं, आणि ते समजायला याहून वाईट पोशाख नव्हता. फादर दगडावर बसल्या बसल्या दुसरीकडे बघू लागले.

"चला," टीचर म्हणाल्या. "ऊन वाढेल."

साहेबांनी सायकलचं हँडल धरलं आणि ती ढकलत चढायला लागले. टीचर त्यांच्या मागून निघाल्या. साहेबांचे हात सवयीने पसरायला निघाले होते, पण ते हँडलवर अडकले होते. काही पावलं गेल्यावर मागे कॅरियरवर हात पडल्याचं त्यांना जाणवलं. त्यांना बरं वाटलं. निदान आधार तरी घेतला. दुखत असेल, बोलत नाही. मागे वळून गाडीत बस म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की सायकल हलकी झाली आहे. मघाशी रस्ता इतकाच चढा होता, किंबहुना इथे जास्तच, तरी चाकं आपणहून वर चालली होती. टीचर आधार घेत नव्हत्या. त्या ढकलत होत्या.

साहेब मागे वळले नाहीत. चढ अजून बराच बाकी होता.